सात मंडळ्यांच्या वाटेवर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

बायबलातले शेवटचे पुस्तक प्रकटीकरण. त्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या अध्यायांत योहानाने सात मंडळ्यांना, म्हणजे सात गावांतल्या ख्रिस्ती समुदायांना, लिहिलेली पत्रे आहेत. ही सात गावे आजच्या पश्चिम तुर्कस्तानात येतात. या वाटेने गट घेऊन जायचे म्हणून सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. ज्यांचे उत्तर अनेकांच्या कामी येईल अशी त्यांतली काही इथे घेतली आहेत. गावांची नावे मराठी बायबलातली आणि आजची, दोन्ही दिली आहेत. रस्त्यावरच्या पाटीवर ‘थुवतीरा’ शोधत बसलात तर गाव मागे पडेल.

आमच्या मंडळीतून तीस-बत्तीस जण निघणार आहेत. एजंटने आखलेल्या कार्यक्रमात एकाच दिवसात चार मंडळ्या आहेत. हे जमेल का? आणि बायबलातल्या क्रमानेच जावे का?
(सात रस्ता, सोलापूर)

क्रमाचे आधी सांगतो. योहानाने नावे ज्या ओळीने लिहिली, तीच रस्त्याची ओळ आहे. इफिस बंदराचे शहर. तिथून उत्तरेला स्मुर्णा, आणखी उत्तरेला पर्गम, मग आत वळून थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. पत्र घेऊन निघालेला माणूस घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरत गेला तर हाच क्रम लागतो. त्यामुळे क्रम पाळण्यात भक्ती आहे तशी सोयही आहे. फक्त सुरुवात बदला. विमान इझ्मिरला उतरते आणि इझ्मिर म्हणजेच स्मुर्णा. तिथून निघून इफिसला संपवलेत तर वर्तुळ मोडत नाही आणि शेवटच्या दिवशी विमानतळही जवळ पडतो. सेल्चुकहून, म्हणजे इफिसच्या गावाहून, तो सुमारे साठ किलोमीटर आहे.

एजंटने एका दिवसात घातलेल्या चार मंडळ्या बहुधा आखिसार (थुवतीरा), सार्त (सार्दीस), आलाशेहिर (फिलदेल्फिया) आणि पामुक्कालेजवळची लावदिकीया असाव्यात. इझ्मिरहून निघून या चौघींपर्यंतचे अंतर तीनशे किलोमीटरच्या वर जाते. बसचे पाच तास तिथेच गेले. जेवण, स्वच्छतागृह आणि बत्तीस जणांची चढ-उतर धरली तर सार्दीसला चाळीस मिनिटे उरतात. सार्दीसला तीन तासही कमी पडतात. लावदिकीयाला पोहोचेपर्यंत फाटक बंद व्हायची वेळ झालेली असते.

आम्ही अशी आखणी सुचवू : पहिला दिवस इझ्मिर. दुसरा दिवस बेर्गामा (पर्गम), सुमारे शंभर किलोमीटर, मुक्काम तिथेच. तिसऱ्या दिवशी सकाळी आखिसार, दुपारनंतर सार्त, मुक्काम जवळच्या सालिहली गावात. चौथ्या दिवशी आलाशेहिर करून पामुक्काले. पाचवा दिवस लावदिकीया आणि हेरापली (हिएरापोलिस). सहाव्या दिवशी सेल्चुकला या आणि गावातले योहानाचे चर्च व अर्तमी देवीच्या देवळाची जागा पाहा. सातवा दिवस पूर्ण इफिस. मुंबईहून येण्याजाण्याचे दोन दिवस धरून नऊ होतात. इस्तंबूल हवे असेल तर ते या नवांच्या वर घ्या, यातून कापून नव्हे.

तुर्कस्तानात गटासोबत परवानाधारक स्थानिक गाइड लागतो. तो इंग्रजीत बोलेल. म्हणून गटातल्या दोघा-तिघांनी त्या त्या मंडळीचे पत्र आणि त्या गावाची माहिती मराठीत तयार करून न्यावी. बसमध्ये वाचायची ती माहिती आणि जागेवर वाचायचे ते पत्र. उलट केलेत तर उन्हात उभे राहून माहिती ऐकावी लागते आणि पत्र राहून जाते.

आमचे घर तीन पिढ्या सूत रंगवण्याच्या धंद्यात आहे. लुदिया थुवतीराची, जांभळी वस्त्रे विकणारी. तिथे तिच्या धंद्याचे काही पाहायला मिळते का?
(अशोक चौक, सोलापूर)

रंगाचे हौद किंवा कारखाना पाहायला मिळत नाही. आखिसार हे आजचे नांदते गाव आहे आणि जुने शहर त्याच्या घरांखाली आहे. उघडी आहे ती गावाच्या मध्यावरची कुंपण घातलेली एक जागा : खांबांच्या रस्त्याचे अवशेष, एका मोठ्या इमारतीच्या भिंती, कमानींचे सुटे दगड. चारी बाजूंनी दुकाने आणि रहदारी. अर्ध्या तासात पाहून होते.

तरी तुम्ही तिथे जास्त वेळ थांबावे असे आम्हाला वाटते. या शहराच्या शिलालेखांत धंद्यांच्या संघांची नावे जितकी सापडली तितकी त्या भागात फार थोड्या शहरांत सापडतात : रंगारी, लोकरवाले, तागाचे कापडवाले, चांभार, कुंभार, भटारी, तांबट. प्रत्येक संघाचे देव ठरलेले होते आणि संघाच्या जेवणावळी त्या देवापुढे होत. आता थुवतीराचे पत्र वाचा. मूर्तीला दाखवलेले अन्न खाण्यावरून तिथे जो वाद आहे, तो धंद्याचा आणि पोटाचा वाद आहे. संघाच्या पंगतीला गेले नाही तर काम मिळणार नाही आणि गेले तर विश्वासाचे काय? पेठेत धंदा केलेल्या माणसाला हे लवकर कळते.

रंगाविषयी एक गोष्ट. समुद्रातल्या शिंपल्यापासून काढलेला जांभळा रंग फार महाग होता आणि थुवतीरा तर समुद्रापासून आत आहे. म्हणून तिथला रंग मंजिष्ठेच्या मुळापासून काढलेला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. तुरटीत भिजवलेल्या सुतावर मंजिष्ठा लाल चढते. लोखंडाचा अंश मिसळला की तोच लाल जांभळ्याकडे झुकतो. हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. घरच्या सुताची एखादी लाल लडी सोबत न्या. लुदियाबद्दल गटाला सांगताना ती हातात असली तर दहा वाक्ये कमी लागतात.

लावदिकीयाला हेरापलीहून गरम आणि कलस्सैहून थंड पाणी येई, दोन्ही वाटेत कोमट होत, म्हणून तिथल्या मंडळीच्या पत्रात ‘शीत नाही, उष्ण नाही’ असे लिहिले, असे प्रवचनात ऐकले. तिथे हे दिसते का?
(जुळे सोलापूर)

पाण्याची व्यवस्था दिसते, आणि ती इतकी स्पष्ट दिसते की सातही ठिकाणांत आम्ही तिला पहिली जागा देऊ. पण प्रवचनातला तपशील थोडा दुरुस्त करावा लागेल.

लावदिकीया टेकाडावर आहे. उत्तरेला दरीपलीकडे हेरापली, म्हणजे आजचे पामुक्काले. तिथले झरे सुमारे 35 अंशांचे आहेत आणि त्यांच्या चुन्याने डोंगर पांढरा झाला आहे. तो पांढरा पट्टा लावदिकीयाच्या रस्त्यावर उभे राहून समोर दिसतो. आग्नेयेला कलस्सै, डोंगरातल्या थंड पाण्याचे. पण शहराचे नळ या दोन्हीकडून आलेले नव्हते. ते दक्षिणेकडून, आजच्या देनिझ्ली शहराच्या बाजूच्या झऱ्यांवरून आणले होते. मधल्या खोलगट भागात पाणी उतरवून दाबाने पुन्हा टेकाडावर चढवले होते. त्यासाठी दगडाचे मोठे चौकोनी ठोकळे आरपार कोरून एकापुढे एक बसवले आणि शेजारी शेजारी दोन ओळी चालवल्या. शहराच्या दक्षिण टोकाला या ठोकळ्यांचे अवशेष आजही आहेत. जवळच पाणी वाटणाऱ्या मनोऱ्याचा ढिगारा आहे.

त्या मनोऱ्यापाशी गटाला थांबवा आणि भाजलेल्या मातीच्या नळांची तोंडे पाहायला सांगा. आत थरावर थर चढून भोक निम्मे-अर्धे बुजले आहे. काही ठिकाणी जेमतेम बोट जाईल इतकेच उरले आहे. बोअरच्या पाण्याने हीटरच्या कॉइलवर आणि बादलीच्या काठावर जो पांढरा थर बसतो, तोच हा, फक्त शेकडो वर्षांचा. जड पाणी घरात वापरलेल्या सोलापूरकराला इथे गाइडची गरज लागत नाही.

मग ‘कोमट’चे काय? पाणी नेमक्या किती अंशांचे पोहोचत होते हे या दगडांवरून ठरत नाही. पण पत्र ऐकणाऱ्यांना एका बाजूला अंग शेकणारे गरम झरे आणि दुसऱ्या बाजूला तहान भागवणारे थंड पाणी रोज ठाऊक होते. दोन्ही उपयोगाचे. या वाचनात उष्ण म्हणजे चांगला आणि शीत म्हणजे वाईट असा अर्थ राहत नाही. दोन्ही चांगले, आणि मधले ते ओकून टाकावे असे. आम्हाला हे वाचन पटते, कारण ‘शीत किंवा उष्ण असतास तर बरे होते’ या शब्दांशी ते जुळते.

याच शहरात पाण्याच्या नियमांचा संगमरवरी लेख सापडला आहे. तो इ.स. 114 चा आहे. सार्वजनिक पाणी फुकट वळवणाऱ्याला, नळ फोडणाऱ्याला दंड त्यात लिहिले आहेत. उजनीच्या पाइपलाइनवर जगणाऱ्या शहरात हा लेख वाचून दाखवला तर ऐकणारे डुलक्या घेणार नाहीत.

पत्रातल्या बाकीच्या तीन गोष्टीही तिथेच ठेवून वाचा. ‘मी धनवान आहे’ : इ.स. 60 च्या भूकंपानंतर हे शहर रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशावर उभे राहिले. ‘शुभ्र वस्त्रे विकत घे’ : इथली काळ्या लोकरीची ख्याती होती. ‘डोळ्यांत अंजन’ : जवळच्या वैद्यशाळेचे नाव होते. देनिझ्ली आजही टॉवेल आणि कापडाचे गाव आहे. सोलापुरी टॉवेल घरी असलेल्याने तिथल्या दुकानात हात लावून बघावा.

चौथ्या शतकातले मोठे चर्च 2010 मध्ये जमिनीखालचे रडार लावून सापडले. आता त्यावर छप्पर आहे आणि काचेच्या वाटेवरून खालची फरशी दिसते. सगळे मिळून अडीच तास ठेवा. सावली फक्त त्या छपराखाली आहे, म्हणून सकाळी जा. कलस्सै होनाझ गावाजवळ वीसेक किलोमीटरवर आहे. पाहायला गवताने झाकलेली टेकडी आहे. कलस्सैकरांस पत्र वाचायचे असेल तरच बस वळवा.

आईचे वय 68. गुडघे दुखतात, मधुमेह आहे. तिला नेता येईल का?
(होटगी रस्ता, सोलापूर)

नेता येईल. मात्र तीन जागा आधीच ठरवून ठेवा.

पर्गमला वरचा किल्ला डोंगरावर आहे. पायथ्याहून केबल कार वर जाते आणि वाहनाचा रस्ताही आहे. वारा जोराचा असला की केबल कार बंद राहते, म्हणून बस परत पाठवू नका. वर रोमन सम्राट ट्रायानच्या देवळाच्या चौथऱ्यापर्यंत सांभाळून जाता येते. नाट्यगृह मात्र डोंगराच्या उतारावर कोरलेले, अतिशय उभे आहे. त्यात उतरायची वाट अरुंद बोगद्यातल्या पायऱ्यांची आहे. आईंनी वरूनच पाहावे. पर्गमच्या पत्रातले ‘सैतानाचे आसन’ म्हणून दाखवतात त्या झ्यूसच्या वेदीचा चौथराच तिथे उरला आहे, त्यावर झाडे आहेत. कोरीव भाग जर्मनांनी एकोणिसाव्या शतकात बर्लिनला नेला. ते पाहायला उतरण्यात गुडघे खर्च करू नयेत.

इफिसला दोन फाटके आहेत. गट वरच्या फाटकाने आत सोडतात आणि खालच्या फाटकाबाहेर बस येऊन थांबते. ही दोनेक किलोमीटरची उतरण आहे, पायाखाली संगमरवर, आणि शेकडो वर्षांच्या चालण्याने तो गुळगुळीत झालेला. पावसाच्या दोन थेंबांत तो साबणासारखा होतो. उतारावर चढापेक्षा गुडघ्यावर जास्त भार येतो हे लक्षात घ्या. आईंना कोणासोबत तरी खालच्या फाटकाने आत न्या. तिथून नाट्यगृह आणि सेल्ससच्या ग्रंथालयापर्यंतचा रस्ता जवळजवळ सपाट आहे. देमेत्रिय सोनाराने चेतवलेला जमाव दोन तास ओरडत होता ते हेच नाट्यगृह. सुमारे 24 हजार माणसे मावत. बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा 19 वा अध्याय तिथे समोर बसून वाचावा. ग्रंथालयाचे फोटो सगळे काढतात, पण ते दुसऱ्या शतकातले आहे. प्रेषित पौलाने ते पाहिले नव्हते. आणि आठ वाजता फाटकाशी हजर राहा. कुशादासी बंदरात जहाज लागलेले असेल तर दहापर्यंत त्या रस्त्यावर उभे राहायला जागा नसते.

तिसरी जागा पामुक्कालेचा पांढरा उतार. तिथे चपला-बूट काढूनच चालावे लागते, तो नियम आहे. पांढरा दगड दुरून कापसासारखा दिसतो, पण पायाला खडबडीत लागतो. मधुमेहात तळपायाची जाणीव कमी झालेली असेल तर कापल्याचे कळत नाही आणि जखम भरत नाही. आईंनी वरच्या काठाच्या लाकडी वाटेवरूनच पाहावे. बाकीच्यांनी बूट ठेवायला कापडी पिशवी न्यावी. एका टोकाला बूट काढून दुसऱ्या टोकाला बाहेर पडणारे दर गटात असतात. प्रेषित फिलिप्पाची समाधी म्हणून मानतात ती जागा हेरापलीत अजून वर, चढावर आहे. तिथेही त्यांना न नेलेले बरे.

इन्सुलिन आणि गोळ्या हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. सामानात टाकलेले इन्सुलिन विमानाच्या पोटात गोठू शकते. तुर्कस्तानची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. गोळीची वेळ कशी सरकवायची ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

व्हिसा इंटरनेटवर मिळतो असे ऐकले. पात्म बेटही करायचे आहे.
(बार्शी)

तुर्कस्तानचा इंटरनेटवरचा व्हिसा भारतीय पासपोर्टवर सगळ्यांना मिळत नाही. ज्याच्याकडे अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशांचा (एकच सामायिक व्हिसा चालणारे युरोपातले देश) चालू व्हिसा अथवा रहिवासाचा परवाना आहे, त्यालाच तो मिळतो. बाकीच्यांनी मुंबईच्या अर्ज केंद्रातून पासपोर्टवर चिकटवला जाणारा व्हिसा घ्यायचा. गटातल्या एखाद्याचा मुलगा अमेरिकेत असतो, त्याच्याकडे तिकडचा व्हिसा असतो, तो दहा मिनिटांत मोकळा होतो आणि सगळ्यांना वाटते आपलेही तसेच होईल. गैरसमज इथूनच सुरू होतो. चिकटवायच्या व्हिसासाठी निदान दोन महिने हाताशी ठेवा.

पात्म, म्हणजे योहानाला प्रकटीकरण झाले ते बेट, ग्रीसमध्ये आहे, म्हणजे शेंगेन व्हिसा लागतो आणि बोटांचे ठसे द्यायला प्रत्येकाने स्वतः मुंबईला जायचे. पात्म करायचेच असेल तर आधी शेंगेन काढा. मग तुर्कस्तानचा इंटरनेट व्हिसा खुला होतो. तो एकाच प्रवेशाचा असतो. मधेच पात्मला जाऊन परत तुर्कस्तानात यायचे ठरवलेत तर बंदरावर अडकाल. म्हणून सात मंडळ्या आधी, मग कुशादासीहून बोटीने सामोस, सामोसहून पात्म आणि परतीचे विमान अथेन्सहून. या बोटी उन्हाळ्यात जास्त आणि हिवाळ्यात फार थोड्या असतात. समुद्र खवळला की सुटत नाहीत. पात्मसाठी वेगळे तीन दिवस नसतील तर या खेपेला ते सोडून द्या.

पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर आधी तो दुरुस्त करा. विमानाच्या तिकिटावर आणि व्हिसावर नाव दोन तऱ्हांनी छापले जाते आणि विमानतळावर थांबवतात.

मे महिन्याच्या सुट्टीत जावे का?
(रेल्वे लाइन्स, सोलापूर)

एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य चांगला, तसाच सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. जून ते ऑगस्ट टाळा. आपल्याला बेचाळीस अंशांची सवय आहे हे खरे, पण आपण त्या उन्हात दुपारी पांढऱ्या संगमरवरावर चार तास चालत नाही. छत्री, टोपी, दीड लिटर पाणी प्रत्येकाचे वेगळे. एप्रिलमध्ये संध्याकाळी स्वेटर लागतो. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी मुंबईत उतरून त्याच दिवशी दुपारच्या आतले विमान गाठायचा बेत करू नका. गाडीला दोन तास उशीर झाला की बत्तीस तिकिटे बुडतात.

खाण्याचे हाल होतात का?
(पंढरपूर)

नाही. मसुरीचे पातळ सूप सगळीकडे मिळते, ते आपल्या आमटीच्या जवळचे. लिंबू पिळून घ्या. ‘आयरान’ म्हणजे ताक. ‘गोझलेमे’ ही पालक किंवा चीज भरून तव्यावर भाजलेली पातळ पोळी. तिखट मात्र कमी पडते. कडक भाकरी आणि शेंगा चटणी न्यावी. दोन्ही आठवडाभर टिकतात. चटणी प्लास्टिकच्या डब्यात, झाकणाला टेप लावून, मोठ्या सामानात. हातातल्या बॅगेत भुकटी दिसली की तपासणीत वेळ जातो. तूप, दही, मांसाचे पदार्थ नेऊ नयेत.

अवशेषांत प्रार्थना, गीत, प्रभुभोजन करता येते का?
(एक पाळक, अक्कलकोट रस्ता)

ही ठिकाणे सरकारी संग्रहालय खात्याकडे आहेत. घोळका करून हळू आवाजात वाचन आणि प्रार्थना केली तर सहसा कोणी हरकत घेत नाही. ढोलक, टाळ, माइक, बॅनर काढलात तर पहारेकरी शिटी वाजवतो, आणि ते रास्तही आहे, कारण शेजारी दुसरा गट असतो. पूर्ण उपासना किंवा प्रभुभोजन करायचे तर एजंटकडून लेखी परवानगी आधी मागवा. ती मिळाली नाही तर पामुक्कालेच्या हॉटेलात एक खोली संध्याकाळी मागून घ्या, बहुतेक हॉटेले देतात. इझ्मिरमध्ये पॉलिकार्पच्या नावाचे जुने कॅथलिक चर्च आहे. आत जायला आधी वेळ घ्यावी लागते, ती गाइडला घ्यायला सांगा. पॉलिकार्प स्मुर्णाचा बिशप होता. 86 वर्षे ज्याची सेवा केली त्याला नाकारू कसा, असे म्हणून तो दुसऱ्या शतकात मरणाला सामोरा गेला. स्मुर्णाच्या पत्रातले ‘मरेपर्यंत विश्वासू’ हे शब्द त्या चर्चमध्ये वाचावेत. शहरातल्या आगोराच्या, म्हणजे जुन्या बाजारचौकाच्या, कमानी पाहण्याआधी ते वाचले तर आणखी चांगले.

पत्रिका वाटू नका. तुमचा गट दुसऱ्या दिवशी पुढे जातो, तिथले थोडे ख्रिस्ती लोक तिथेच राहतात.

2025 मध्ये तुर्कस्तानच्या सहली अनेकांनी बंद केल्या होत्या. पैसे भरावेत का?
(विडी घरकुल, सोलापूर)

मे 2025 नंतर भारतातल्या अनेक पर्यटन कंपन्यांनी तिकडचे बुकिंग थांबवले होते, हे खरे. दोन देशांतले संबंध बिघडले की सहलीवर पहिला परिणाम होतो. म्हणून पैसे भरण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचा आणि करारात तीन गोष्टी लिहून घ्या : सरकारने मनाई केली तर किती रक्कम परत, व्हिसा नाकारला तर किती, आणि विमान कंपनीने उड्डाण रद्द केले तर कोण जबाबदार. ‘बघू की’ हे उत्तर कागदावर चालत नाही. मंडळीच्या नावे जमा होणारे हप्ते एकट्याच्या खात्यात न जाता दोन सह्यांच्या खात्यात जावेत आणि प्रत्येकाला पावती मिळावी. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे एजंटने आधीच घेऊन सरकारकडे भरलेला आयकर, कापला जातो. ज्याचा कापला त्याचा पॅन एजंटकडे गेला पाहिजे, तरच विवरणपत्र भरताना तो परत मागता येतो. गटाच्या नावाने एकच पॅन दिलात तर निवृत्त माणसांचे पैसे अडकतात.

जमलेच नाही तर पौलाच्या ग्रीसमधल्या वाटेचा विचार करा : फिलिप्पै, थेस्सलनीका, बिरुया, अथेन्स, करिंथ. लुदियाचा बाप्तिस्मा झाला ती नदी फिलिप्पैजवळच आहे.

जुनी नाणी तिथे स्वस्त मिळतात म्हणे?
(कुर्डुवाडी)

घेऊ नका. बहुतेक खोटी असतात, आणि खरी निघाली तर तुमचा गुन्हा मोठा होतो. प्राचीन वस्तू देशाबाहेर नेणे तिथे गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवास आहे. आठवण म्हणून उचललेला खापराचा तुकडाही विमानतळाच्या यंत्रात दिसतो. रविवारच्या शाळेच्या मुलांसाठी पोस्टकार्डे आणा.

एजंट म्हणतो, सार्दीस आणि फिलदेल्फियाला पाहण्यासारखे काही नाही, ती दोन गाळून एक दिवस खरेदीला ठेवू. काय करावे?
(मोहोळ)

सार्दीस गाळू देऊ नका. सातांपैकी इफिसनंतर सर्वांत जास्त तिथेच पाहायला आहे. व्यायामशाळेचा उंच, पुन्हा उभा केलेला दर्शनी भाग, त्याला लागून प्राचीन काळातल्या सर्वांत मोठ्या सभास्थानांपैकी एक, त्याच्या भिंतीबाहेर दुकानांची ओळ, त्यांतली काही ख्रिस्ती दुकानदारांची. दीड किलोमीटरवर अर्तमीचे देऊळ. त्याचे दोन खांब पूर्ण उंचीचे उभे आहेत आणि मागच्या कोपऱ्यात चौथ्या शतकातले लहानसे विटांचे चर्च देवळाला चिकटून आहे. मागे वर पाहा, किल्ल्याचा कडा दिसतो. तो अभेद्य म्हणून तिथे पहारा ढिला असे आणि दोन वेळा शत्रू त्याच बाजूने चढून आला : इ.स.पू. सहाव्या शतकात पारसाचा राजा कोरेश याचे सैनिक, इ.स.पू. तिसऱ्या शतकात राजा अंतियोख तिसरा याचे. ‘जागृत हो, मी चोरासारखा येईन’ हे वाक्य तिथल्या लोकांना कसे ऐकू गेले असेल ते त्या कड्याखाली उभे राहिल्यावर कळते. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या ज्या बैठकीत आपले मराठा किल्ले जागतिक वारशात गेले, त्याच बैठकीत सार्दीसही गेले.

फिलदेल्फियात खरोखर थोडेच आहे, पण ते बसच्या वाटेवरच आहे. आलाशेहिर गावाच्या वस्तीत, घरांच्या मधे, योहानाच्या नावाच्या चर्चचे प्रचंड खांब आहेत. तळाला दगड, वर विटा, आणि कमान सुरू होते तिथे तुटलेले. एकेक खांब लहान खोलीएवढा जाड आहे. हे गाव भूकंपाचे. इ.स. 17 च्या मोठ्या भूकंपानंतर धक्के थांबत नव्हते, म्हणून बरेच लोक भिंतींच्या भीतीने शहराबाहेर शेतात राहत, असे त्या काळच्या भूगोलकाराने लिहून ठेवले आहे. अशा गावाला पत्र आले की जो विजय मिळवतो त्याला मी देवाच्या मंदिरातला खांब करीन आणि तो पुन्हा बाहेर जाणार नाही.

खरेदीचा दिवस गाळा. आलाशेहिरला अर्धा तास पुरतो. बस मोठ्या रस्त्यावर थांबवून गल्लीतून चालत जा, आणि दुपारच्या जेवणाआधी पोहोचा, म्हणजे फाटक उघडे मिळेल.